तिघे गैरहजर

भोंगवलीचे कुंडलिक सुर्वे, कामथडीचे जगन रणखांबे आणि वेल्ह्याकडचे मानसिंग भुरूक या तिघांना एकाहत्तरच्या लढाईत पलटणीच्या बऱ्याच पुढे, एका ओढ्याच्या काठी खड्ड्यात पहाऱ्याला बसवलं होतं. उजाडेपर्यंत पलटण मागे सरकली. सरकायचा हुकूम सगळ्यांपर्यंत पोचला, या तिघांपर्यंत पोचला नाही. दुपारी शत्रूच्या माणसांनी तिघांना खड्ड्यातून वर काढलं. मानसिंगच्या मांडीत गोळी होती. इकडे हजेरी झाली, तिघं सापडले नाहीत, तेव्हा कारकुनानं तिघांच्या नावापुढे ‘ड्युटीवरून गैरहजर’ असं लिहिलं. त्यांना पकडून नेताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि कुणी न पाहिलेलं लिहायची कारकुनाला मुभा नव्हती.

पुढच्या वर्षाअखेरीस कैद्यांची अदलाबदल झाली आणि त्यात कुंडलिक आणि जगन परत आले. सरहद्दीवर त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले आणि हातात एकेक संत्रं दिलं. मग त्यांना एका छावणीत ठेवून बरेच दिवस चौकशी केली. पकडले गेलात की आपणहून गेलात, हा मुख्य प्रश्न होता. दोघांनी पकडले गेलो असं सांगितलं. ते ऐकून घेण्यात आलं, पण कागदावरचं ‘गैरहजर’ खोडायचं राहून गेलं. दोघांनी पुढची नोकरी इमानानं केली, भरतीच्या वेळची बोली संपल्यावर बिस्तरा बांधला, आणि तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की गैरहजेरीचं वर्ष नोकरीत धरत नाहीत, त्यामुळे पंधरा वर्षं भरत नाहीत, आणि पंधरा भरली नाहीत की पेन्शन बसत नाही. तुरुंगात काढलेलं वर्ष त्यांनी घरी काढलं असावं, असा त्या हिशोबाचा सूर होता.

जगन शिरवळच्या एका कंपनीत वॉचमन झाला. कुंडलिक शेतीला लागला आणि अर्जालाही लागला. शेती पावसाच्या मानानं बरी चालली. अर्जाचं तसं नव्हतं. तो पुण्याला लष्कराच्या कार्यालयात जाई, पुणेवाले दिल्लीला लिहा म्हणत, दिल्लीहून उत्तर येई की पुण्यात चौकशी करावी. त्यात त्यानं स्वतःच एक अडचण करून ठेवली होती. अर्ज तिघांचा मिळून एकच. एका भल्या कारकुनानं त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं की तुमचा दोघांचा वेगळा करा, तुम्ही जिवंत आहात, लवकर सुटेल. तिसऱ्याचं काय ते मागाहून बघू. कुंडलिकनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिघं एका खड्ड्यात होतो, तिघांचा कागद एकच राहील. कारकुनानं मान हलवली आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

जगन प्रत्येक अर्जावर सही करायचा. बाकी तो या विषयावर काही बोलत नसे.

तिसऱ्याची बाजू त्याची बायको ठकुबाई सांभाळत होती. लग्नाला वर्षही नीट झालं नव्हतं तेव्हा मानसिंग रजेवरून परत गेला, तो गेलाच. तिनं पूर्वी एकदा स्वतः खटपट करून पाहिली होती. कार्यालयानं सांगितलं, नवरा बेपत्ता असेल तर पोलिसांत तक्रार द्या आणि तिची नक्कल आणा. ती वेल्ह्याच्या ठाण्यात गेली. हवालदारानं विचारलं, माणूस कुठून बेपत्ता झाला. तिनं सांगितलं, पाकिस्तानातून. हवालदार भला माणूस होता. त्यानं तिला चहा पाजला आणि सांगितलं की बाई, जिथून माणूस हरवला त्या हद्दीतल्या ठाण्यातच तक्रार द्यावी लागते. ती परत कार्यालयात गेली आणि हवालदाराचं म्हणणं सांगितलं. कार्यालयाचंही तेच म्हणणं पडलं. त्यानंतर ती भातखाचरं, दोन म्हशी आणि सासूचं आजारपण एवढंच बघत राहिली. कपाळाला कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या असायच्या, गळ्यात काळी पोत असायची, कारण कुंडलिकनं तिला सांगितलं होतं की मानसिंगला तिकडच्या दवाखान्यात नेलंय, पाय बरा झाला की सोडतील.

सुटून आल्यावर कुंडलिक आधी वेल्ह्याकडे गेला होता आणि मग स्वतःच्या घरी. तेव्हापासून दर दिवाळीला तो ज्वारीचं पोतं आणि गुळाची ढेप घेऊन तिच्याकडे जायचा. आधी एसटीच्या टपावर पोतं टाकून, पुढे टेम्पोनं. तिच्या ओसरीवर बसायचा, चहा प्यायचा आणि उठताना म्हणायचा, “येईल वैनी. तिकडं वेळ लागतो.” ती मान हलवायची.

जगन तिकडे कधीच गेला नाही. पहिल्यांदा ड्युटी होती, मग कंबर दुखत होती, मग नातवाचं नाव ठेवायचं होतं. कुंडलिकनं काही वर्षं आग्रह केला, पुढे मनाशी ठरवून टाकलं की जगन कोरड्या मनाचा आहे. तरी मैत्री तुटली नाही. कोरड्या मनाच्या माणसाशी मैत्री ठेवण्याइतका आपण ओला आहोत, असं कुंडलिकला वाटत असे.

मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव बदललं, तेव्हा ठकुबाईचा पत्ता दुरुस्त करून सगळा अर्ज नव्यानं द्यावा लागला. आणि मग, दोघं पंचाहत्तरीला टेकलेले असताना, पत्र आलं. असल्या जुन्या प्रकरणांची फेरचौकशी होणार होती आणि त्यासाठी अधिकारी भोरला येणार होत्या.

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. ज्यांच्यासाठी सुनावणी होती ते सगळे सत्तरीच्या पुढचे होते, त्यामुळे ती वेळेवर सुरू झाली नाही. कुंडलिकनं कोट घातला होता. जगन पांढऱ्या शर्टात होता. ठकुबाई पहाटेच्या एसटीनं निघून चेलाडीला गाडी बदलून आली होती, नवी नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून.

अधिकारी म्हणजे सोनिया मॅडम, पस्तिशीच्या आतबाहेर, माहेर सासवडकडचं, त्यामुळे गावाकडचं बोलणं त्यांना समजत होतं. त्यांनी आधी चांगली बातमी सांगितली. अदलाबदलीच्या वेळची यादी दिल्लीत सापडली होती आणि तिच्यात कुंडलिक आणि जगन दोघांची नावं होती. म्हणजे ते कैदेत होते हे सिद्ध होतं. त्यांचं वर्ष धरलं जाईल, पेन्शन बसेल, मागची थकबाकीही निघेल. मग त्या म्हणाल्या की मानसिंग भुरूक यांचं नाव मात्र कुठल्याच यादीत नाही, आणि अर्ज एकत्र असल्यामुळे त्यांचं काय झालं ते ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कुंडलिक उभा राहिला आणि इतकी वर्षं जे सांगत आला तेच त्यानं सांगितलं. मानसिंगचा पाय चिघळला होता. कुंडलिकला त्याच सुमाराला हिवताप झाला आणि तो आजाऱ्यांच्या खोलीत पडून होता. तो तिकडे असताना मानसिंगला मोठ्या दवाखान्यात नेलं. त्या दवाखान्याची यादी मागवावी. मॅडम म्हणाल्या, मागवली होती, तसं नाव नाही म्हणून उत्तर आलंय. तुम्ही नेताना पाहिलंत का? कुंडलिक म्हणाला, पाहिलं नाही, पण जगननं पाहिलंय. त्यानंच सांगितलं.

मॅडमनी जगनकडे पाहिलं. जगन उठला नाही. तो म्हणाला, वैनींना जरा बाहेर बसवता येईल का. मॅडमनी फाईल चाळली आणि सांगितलं की आजी स्वतः अर्जदार आहेत, त्यांना हजर राहायचा हक्क आहे, बाहेर जायचं तर त्यांनी आपणहून जावं.

“म्या हितंच बसते,” ठकुबाई म्हणाली.

तेव्हा जगन उठला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “मानसिंग दवाखान्यात गेलाच न्हाई. बराकीतच गेला.”

“गेला म्हणजे?” मॅडमनी विचारलं. त्यांना लिहायचं होतं.

“वारला.”

खोलीत पंखा फिरत होता. मॅडमनी लिहिलं. जगननं पुढचं सगळं एका दमात सांगितलं, हवालदाराला पहाऱ्याचा रिपोर्ट द्यावा तसं. पाय काळा पडत गेला. डॉक्टर एकदा येऊन गेला, परत आला नाही. शेवटचे दोन दिवस मानसिंग बोलत नव्हता, पाणी तेवढं घेत होता. गेल्यावर जाळायला लाकडं मागितली, ती मिळाली नाहीत, खोरं मिळालं. जगन आणि एका पंजाबी कैद्यानं मिळून कुंपणाच्या कडेला पुरला. वर दगड रचले. पुढे ती जागा नांगरली की काय ते माहीत नाही.

कुंडलिक अजून उभाच होता. “मला का न्हाई सांगितलं?”

“तुला ताप व्हता.”

“अन् ताप उतरल्यावर?”

“उतरल्यावर तू जेवायला लागला व्हतास.”

“अन् हिकडं आल्यावर?”

“माझ्या कानाचं दुखणं निघालं, मला दवाखान्यात ठिवलं. म्या सुटून आलो तवर तू यांच्याकडं जाऊन आला व्हतास. मग म्या कुठल्या तोंडानं जायचं?”

कुंडलिक खाली बसला. मॅडमनी ठकुबाईला विचारलं, आजी, तुम्हाला काही विचारायचंय का. ठकुबाईनं पदर सारखा केला. रडली नाही. जगनकडे वळून तिनं विचारलं, “तवा ऊन व्हतं का?”

“व्हतं.” जगननं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “दुपारची येळ व्हती. त्याला थंडी सोसत न्हवती म्हणून रोज भिंतीपाशी उन्हात आणून बसवायचो. तितंच गेला.”

“बरं केलंत,” ती म्हणाली.

यानंतर तारखेचा प्रश्न निघाला. मृत्यूची नोंद करायची तर तारीख पाहिजे. तारखेची जागा मोकळी ठेवता येत नाही, मॅडम म्हणाल्या. जगनला तारीख माहीत नव्हती. बराकीत कॅलेंडर नव्हतं. पण आदल्या दिवशी कैद्यांना मटण मिळालं होतं हे त्याला आठवत होतं, कारण तिकडच्या लोकांचा सण होता आणि मानसिंगचा वाटा त्यानं झाकून ठेवला होता. मॅडमनी मोबाईल काढला, त्या सालची बकरी ईद शोधली, जानेवारीअखेर निघाली. त्यांनी पुढच्या दिवसाची तारीख घातली. जगनला वाचून दाखवली. तो म्हणाला, थंडी तेवढीच होती, असेल. अशा रीतीनं मानसिंग भुरूक यांच्या मृत्यूची तारीख भोरमध्ये, जिना चढून आलेल्या चार माणसांसमोर, ठरली. तिघांनी सह्या केल्या. ठकुबाईला सही येत होती. मध्ये साक्षरतेच्या वर्गाला जाऊन ती शिकली होती.

खाली आल्यावर कुंडलिकनं ठकुबाईला एसटीत बसवून दिलं आणि स्वतः भोंगवलीला निघून गेला. जगनला त्यानं काहीच सांगितलं नाही. जगन स्टँडवर बाकावर बसून राहिला. त्याच्या गावाकडच्या दोन गाड्या त्यानं सोडल्या, गर्दी नसताना.

कुंडलिकला राग कशाचा आला होता हे त्याला धड सांगता आलं नसतं. मानसिंग मेला याचं वाईट वाटावं तर ते फार जुनं झालं होतं, आणि आतून कुठेतरी ठाऊकही होतं. पण दर दिवाळीला त्या ओसरीवर बसून आपण ‘येईल’ म्हणत होतो आणि कामथडीत एक माणूस बसून होता, ज्याला ते खोटं आहे हे माहीत होतं. सतराशे साठ वेळा आपल्याला वेड्यासारखं बोलू दिलं. त्यानं जगनचा फोन उचलला नाही. दोनदा जगन स्वतः आला, तेव्हा शेतावर असल्याचा निरोप दिला. तो खरंच शेतावर होता. मुद्दाम जाऊन बसला होता.

त्याची बायको सगुणाबाई हे सगळं बघत होती. एक दिवस शेंगा फोडता फोडता तिनं विचारलं, “त्यानं तापातच खरं सांगितलं असतं, तर तुमी उठला असता का?” कुंडलिक म्हणाला, तो मुद्दा नाही. ती म्हणाली, मुद्द्याचं मला कळत नाही, मी उठला असता का एवढंच विचारते. कुंडलिकनं शेंगा फोडायला घेतल्या. त्या एरवी तो फोडत नसे.

तिकडे ठकुबाईच्या गावात वेगळाच प्रकार झाला. भावकीतल्या बायका जमून आल्या आणि आता बांगड्या उतरवायला पाहिजेत असं म्हणू लागल्या. ठकुबाईनं सगळ्यांना बसायला पोती दिली. सुतक किती दिवसांचं असतं, असं तिनं विचारलं. बायकांनी सांगितलं. मग पन्नास वर्षांत ते फिटलं असेल, ती म्हणाली, आणि म्हशीची धार काढायला गेली. बायका थोडा वेळ बसल्या, मग उठल्या. त्यातली एक जाऊ दोन दिवसांनी परत आली आणि तिच्याजवळ नुसती बसून गेली.

हुकूम पावसाळ्याच्या अखेरीस आला. टपाल कुंडलिकच्या पत्त्यावर होतं, कारण अर्जावर पहिलं नाव त्याचं होतं. तिघांच्या नावापुढची नोंद रद्द करून दोघांना युद्धकैदी आणि तिसऱ्याला युद्धकैदेत मृत म्हणून दाखवण्यात येत आहे, असं त्यात होतं. पेन्शनचं आणि थकबाकीचं पुढच्या पानावर होतं. कुंडलिकनं पहिलं पान कितीतरी वेळा वाचलं. इतकी वर्षं या कागदासाठी घातली होती आणि आता तो घेऊन ठकुबाईच्या ओसरीवर जायचं त्याला धाडस होईना. तिथे जाऊन बोलायचं काय? ‘येईल’ हा शब्द सोडला तर तिथे बोलण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

दोन दिवस त्यानं कागद टीव्हीमागे ठेवला. तिसऱ्या दिवशी कामथडीला गेला. जगन दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याची सून छाया पाणी घेऊन आली, कुंडलिकला पाहून तिनं सासऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

कुंडलिकनं हुकूम जगनच्या हातात दिला. जगननं चष्मा लावून वाचला. घडी घालून परत दिला.

“वैनींकडं जायचंय,” कुंडलिक म्हणाला.

“जा की.”

“तुबी चल.”

जगननं कंबर दुखत असल्याचं सांगितलं नाही. चपला घातल्या.

दोघं टेम्पोत पुढे बसले, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. नसरापूर गेलं, मार्गासनी गेलं. दोघांत बोलणं झालं नाही. ड्रायव्हरला वाटलं म्हातारे कुणाच्या तरी मातीला चाललेत, म्हणून त्यानं गाणी बंद केली.

ठकुबाई ओसरीवर भात पाखडत होती. कुंकू होतं, बांगड्याही होत्या. तिनं जगनला पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि दोघांना पाय धुवायला पाणी दिलं. कुंडलिकनं हुकूम वाचून दाखवला. मानसिंगच्या नावाशी तो अडला, तेव्हा ती ओळ त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिनं कागद घेतला, नवऱ्याचं नाव बोट ठेवून स्वतः वाचलं आणि देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवून आली.

कुंडलिक म्हणाला, “वैनी, म्या तुमाला दरवर्षी खोटं सांगत आलो.”

“तुमाला कुठं ठावं व्हतं?”

“तरीबी.”

ठकुबाई खांबाला टेकून बसली. “पयली सात-आठ वर्सं मलाबी खरं वाटायचं, भावजी. मग न्हाई वाटलं. पण तुमी पोतं घिऊन एवढ्या लांबून यायचा, अन् उठताना ते म्हणायचा. मान न्हाई हलवली तर तुमाला काय वाटंल, म्हणून हलवायची.”

 कुंडलिकनं टोपी काढली आणि परत घातली. त्यानं विचारलं, मग हे कुंकू?

“सवय हाय,” ती म्हणाली. “अन् ते नसलं की लोक लई प्रश्न इचारतात.”

ती आत गेली. चूल पेटल्याचा वास आला. तिनं तिघांपुरती भाकरी टाकली, वालाची उसळ केली. जगनच्या ताटात दुसरी भाकरी वाढताना ती म्हणाली, “जगनभावजी, आता पयल्यापासनं सांगा. खड्ड्यात बसवलं तिथनं. तितं ते काय बोलायचे, काय खायचे, समदं. मला घाई न्हाई.”

जगन पाणी प्यायला.  मग त्यानं सुरुवात केली. ओढ्याचं पाणी सांगितलं, खड्ड्यातली ओल सांगितली, मानसिंगनं खिशात भाजक्या शेंगा आणल्या होत्या आणि त्या दोघांना दिल्या, ते सांगितलं. फोलपटं मातीत पुरायची की ओढ्यात टाकायची यावरून तिघांत वाद झाला होता.

“ओढ्यात टाकली,” कुंडलिक म्हणाला.

“पुरली,” जगन म्हणाला.

“ओढ्यात. म्या टाकली ना.”

“तू झोपला व्हतास. मानसिंगनं पुरली.”

ठकुबाईनं दोघांच्या ताटात उसळ वाढली आणि जगनला म्हणाली, पुढं सांगा.